बचत खात्याचे मासिक व्याज आणि पैसे काढण्याच्या मर्यादा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय बचत खाते हाच आहे. व्याज दरमहा जमा होण्याचा नेमका लाभ किती, आणि बचतीच्या खात्यातून स्वतःचेच पैसे काढण्यावर मर्यादा का असते, या दोन शंकांभोवती ही पत्रे फिरतात. पत्रे लांबलचक असल्यामुळे त्यांतील प्रश्न तेवढे संक्षिप्त करून दिले आहेत. उत्तरांत जेथे देशाचा उल्लेख नाही, तेथे चलनाचाही केलेला नाही. तो हिशेब कोणत्याही चलनात तसाच राहतो.

प्रश्न : माझी दोन बचत खाती आहेत. दोन्हींचा व्याजदर वार्षिक ४ टक्के आहे. परंतु एका खात्यात व्याज दर तीन महिन्यांनी जमा होते, तर दुसऱ्यात दरमहा. सर्व रक्कम दुसऱ्या खात्यात हलवावी, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे काय?

उत्तर : सल्ला चुकीचा नाही, मात्र त्यातून होणारा लाभ आपण समजता त्यापेक्षा बराच लहान आहे. १,००,००० ही रक्कम वर्षभर न हलवता ठेवली आणि व्याज वर्षाच्या अखेरीस एकदाच जमा झाले, तर ४,००० मिळतील. हेच व्याज सहामाही जमा झाले तर ४,०४०, तिमाही जमा झाले तर ४,०६०.४० आणि दरमहा जमा झाले तर ४,०७४.१५ इतके होते. अगदी रोज जमा केले तरी ही रक्कम ४,०८०.८५ च्या पुढे जात नाही. म्हणजे तिमाही व्याजाऐवजी मासिक व्याज घेतल्याने आपल्याला वर्षाकाठी १३.७५ इतकेच अधिक मिळणार आहेत. व्याजावर व्याज चढण्याची ही क्रिया पुष्कळ वर्षे चालली किंवा दर बराच जास्त असला, तरच हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा होतो.

याच्या शेजारी व्याजदरातील फरक ठेवून पाहावा. एखाद्या बँकेने ४ ऐवजी ४.१ टक्के दर दिला आणि व्याज वर्षातून एकदाच जमा केले, तरी खातेदाराला ४,१०० मिळतात, म्हणजे ४ टक्के दराच्या मासिक व्याजापेक्षा अधिक. त्यामुळे जाहिरातीतील ‘दरमहा व्याज’ या शब्दांपेक्षा त्याच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला दर अधिक लक्षपूर्वक वाचावा, असे माझे मत आहे.

शिवाय वरील सर्व आकडे व्याज खात्यातच राहू दिले असे धरून काढलेले आहेत. आपण ते दरमहा काढून घेणार असाल, तर सरासरी ३३३.३३ याप्रमाणे बारा वेळा व्याज मिळेल आणि वर्षाची बेरीज बरोबर ४,००० भरेल. अशा खातेदाराच्या दृष्टीने मासिक व्याज ही सोय आहे. नियमित उत्पन्नावर घर चालवणाऱ्यासाठी ती फार मोलाची असू शकते. पण तिला अधिक परतावा म्हणता येणार नाही.

भारतात बचत खात्यावरील व्याज तीन महिन्यांनी किंवा त्याहून कमी अंतराने जमा करावे, असे रिझर्व्ह बँकेचे २०१६ च्या निर्देशांपासूनचे बंधन आहे. त्यामुळे बहुतेक बँका तिमाही आणि काही बँका मासिक व्याज देतात. टपाल खात्याच्या बचत खात्यात मात्र व्याज आर्थिक वर्षाच्या अखेरीस एकदाच जमा होते. फ्रान्समधील ‘लिव्ह्रे आ’ हे अत्यंत लोकप्रिय बचत खातेही वर्षाचे व्याज ३१ डिसेंबरला एकदाच जमा करते, आणि तरीही कोट्यवधी लोक ते बाळगून आहेत.

प्रश्न : गेल्या काही महिन्यांत मी खात्यात एकही व्यवहार केला नाही. व्याजदरही बदललेला नाही. तरी दरमहा जमा होणारे व्याज कमी-जास्त का होते?

उत्तर : महिन्यांचे दिवस सारखे नसतात म्हणून. रोजच्या शिलकेवर व्याज मोजणारी बँक वार्षिक दराला ३६५ ने भागते आणि जितके दिवस तितक्या पट व्याज देते. १,००,००० वर ४ टक्के दराने ३१ दिवसांच्या महिन्यात ३३९.७३, ३० दिवसांच्या महिन्यात ३२८.७७ आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ३०६.८५ इतके व्याज होते. मागील व्याज खात्यातच राहिले असेल, तर त्यावरील व्याजाची किंचित भर पडते. लीप वर्षात काही बँका ३६५ नेच भागतात, तर काही ३६६ ने. तेवढ्या फरकासाठी तक्रार करण्याचे कारण नाही.

प्रश्न : घरातील एका देण्यासाठी मी दर महिन्याच्या २८ तारखेला बचत खात्यातील बरीचशी रक्कम काढतो आणि पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेला तितकीच परत भरतो. दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असल्याने व्याजावर परिणाम होत नसावा, अशी माझी समजूत आहे.

उत्तर : आपली समजूत बरोबर आहे की नाही, हे बँक कोणत्या शिलकेवर व्याज मोजते यावर पूर्णपणे अवलंबून आहे. बचत खाते उघडताना सहसा कोणी न विचारणारा, पण सर्वांत आधी विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

खात्यात १,००,००० आहेत, दर ४ टक्के आहे, आणि आपण २८ तारखेला ९०,००० काढून १ तारखेला परत भरता, असे धरू. बँक दिवसाअखेरच्या शिलकेवर रोजचे व्याज मोजत असेल, तर ३० दिवसांच्या महिन्यात आपले नुकसान ९०,००० वरील तीन दिवसांच्या व्याजाइतके, म्हणजे २९.५९ इतके होईल. परंतु बँक महिन्यातील ठरावीक काळातली सर्वांत कमी शिल्लक धरत असेल, तर त्या तीन दिवसांमुळे संपूर्ण महिन्याचे व्याज केवळ १०,००० वर मोजले जाईल. ३३३.३३ ऐवजी ३३.३३ हाती येतील आणि महिन्याला ३०० चा फटका बसेल. दर तोच, रक्कम तीच, दिवसही तेच. तरी नुकसान दहापट.

दुसरी पद्धत जुनी असली तरी ती नामशेष झालेली नाही. भारतातील बँका ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज देत असत. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज मोजणे बंधनकारक केले. टपाल खात्याच्या बचत खात्याला मात्र १० तारीख ते महिनाअखेर यांमधील किमान शिलकेचाच नियम लागू आहे. त्यामुळे तेथे ११ तारखेला भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, आणि २८ तारखेला काढलेल्या रकमेचेही त्या महिन्याचे व्याज जाते.

फ्रान्समध्ये पंधरवड्याचा हिशेब आहे. ‘लिव्ह्रे आ’ खात्यात व्याजाची मोजणी १ आणि १६ या तारखांपासून होते; ३ तारखेला भरलेली रक्कम १६ तारखेपासून व्याज मिळवू लागते, आणि १४ तारखेला काढलेल्या रकमेचे १ तारखेपासूनचे व्याज मिळत नाही. अशा खात्यात पैसे पंधरवडा सुरू होण्याच्या आधी भरणे आणि पंधरवडा संपल्यावर काढणे एवढी शिस्त पाळली, तरी पुरेसे होते.

आपल्या बाबतीत सांगायचे, तर बँकेला ‘व्याज रोजच्या शिलकेवर की किमान शिलकेवर?’ असे लेखी विचारावे. उत्तर किमान शिलकेचे आले, तर त्या देण्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी.

प्रश्न : मी मासिक व्याजाचे खाते निवडले, कारण जाहिरातीत ४ टक्के असे ठळक अक्षरांत होते. १,००,००० वर दरमहा सरासरी ३३३ मिळावयास हवेत. प्रत्यक्षात ३२७ च्या आसपास मिळतात. बँक व्याज कापते आहे काय?

उत्तर : नाही. ठळक अक्षरांतील ४ टक्के हा बहुधा ‘परिणामी वार्षिक दर’ असावा, म्हणजे दरमहाचे व्याज खात्यातच ठेवले तर वर्षाअखेर एकूण जी वाढ होईल तिचे प्रमाण. व्याजावरील व्याज त्या ४ टक्क्यांत आधीच धरलेले असते. त्यातून मागे हिशेब केला, तर मासिक व्याजाचा मूळ वार्षिक दर ३.९३ टक्के येतो आणि दरमहा सरासरी ३२७.३७ मिळतात. आपण हे व्याज न काढता बारा महिने राहू दिले असते, तर वर्षाअखेर बरोबर ४,००० वाढलेले दिसले असते. दरमहा काढून घेतल्यामुळे बेरीज ३,९२८.४९ वर थांबते.

ब्रिटनमध्ये हा परिणामी दर ‘एईआर’ या नावाने छापतात. तेथे एकाच खात्याची वार्षिक आणि मासिक व्याजाची दोन रूपे असतात, तेव्हा परिणामी दर सारखा ठेवून मासिक रूपाचा मूळ दर किंचित कमी दाखवतात. अमेरिकेत १९९१ च्या ‘ट्रुथ इन सेव्हिंग्ज’ कायद्याने ‘एपीवाय’ हा दर जाहीर करणे बंधनकारक केले. दोन खात्यांची तुलना करण्यासाठी हे परिणामी दर उत्तम आहेत. दरमहा हातात किती पडेल हे मोजण्यासाठी मात्र मूळ दरच घ्यावा लागतो. बँकांनी दोन्ही आकडे सारख्याच आकाराच्या अक्षरांत छापले, तर अशी निम्मी पत्रे येणारच नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत राहतो. त्याच्या बचत खात्यातून महिन्यात सहापेक्षा अधिक वेळा पैसे वळते केले की बँक शुल्क आकारते. हा नियम काही वर्षांपूर्वीच रद्द झाल्याचे त्याने वाचले आहे. मग शुल्क कसे?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या ‘रेग्युलेशन डी’ नियमात बचत ठेवीची व्याख्या होती, आणि त्या व्याख्येतच महिन्याला जास्तीत जास्त सहा ‘सोयीचे’ व्यवहार अशी मर्यादा होती. ऑनलाइन किंवा दूरध्वनीवरून रक्कम वळती करणे, बिलांची स्वयंचलित वसुली, धनादेश आणि डेबिट कार्डाने केलेली खरेदी या सहांत मोजली जात असे. २००९ पर्यंत तर त्यांपैकी धनादेश आणि कार्डाचे व्यवहार तीनपेक्षा अधिक चालत नसत. याउलट शाखेत जाऊन किंवा एटीएममधून काढलेली रक्कम या मोजणीत येत नव्हती. घरबसल्या होणारे सहज व्यवहार मर्यादित आणि खेटे घालून केलेले अमर्याद, हे ऐकायला उलटे वाटते. परंतु त्यामागे कारण होते. चालू व्यवहारांच्या ठेवींसाठी बँकांना काही प्रमाणात राखीव निधी ठेवावा लागे, बचत ठेवींसाठी तो लागत नसे. बचत खात्यातून बिले भरण्याची पूर्ण मुभा दिली असती, तर दोहोंतला भेदच उरला नसता. म्हणून वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्याचे खाते बंद करावे किंवा ते व्यवहाराच्या खात्यात बदलावे, असे बँकेवरच बंधन होते.

२६ मार्च २०२० पासून राखीव निधीचे हे प्रमाण शून्यावर आणले गेले, तेव्हा या भेदाचे प्रयोजन संपले, आणि २४ एप्रिल २०२० रोजी फेडरल रिझर्व्हने सहाची मर्यादा काढून टाकली. मात्र या बदलाने बँकांना मर्यादा उठवण्याची परवानगी मिळाली. ती उठवलीच पाहिजे अशी सक्ती त्यांच्यावर झाली नाही. काही बँकांनी ती उठवली, काहींनी आपल्या करारात तशीच ठेवली आणि जादा व्यवहारावरील शुल्कही चालू ठेवले. आपल्या मुलाला आता कायद्याचा आधार घेता येणार नाही. बँकेशी झालेला करार वाचावा, शुल्क माफ करण्याची विनंती करून पाहावी, आणि ती नाकारली गेल्यास मर्यादा नसलेल्या बँकेत खाते न्यावे. दर महिन्याची बिले बचत खात्याला जोडलेली असतील, तर ती व्यवहाराच्या खात्याकडे वळवून महिन्यातून एकदाच मोठी रक्कम तिकडे पाठवणे हा उपाय अधिक सोपा आहे.

प्रश्न : पूर्वसूचना देऊनच पैसे काढता येतील, अशा खात्याला अधिक व्याज मिळते. ते घ्यावे काय?

उत्तर : जी रक्कम अचानक लागण्याची शक्यता नाही, तिच्यासाठी अवश्य घ्यावे, आजारपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांसाठी घेऊ नये. ठेवी कधीही परत मागितल्या जातील या धास्तीने बँकेला काही रक्कम मोकळी ठेवावी लागते, आणि मोकळ्या पैशांवर तिला फारसे मिळत नाही. पूर्वसूचनेमुळे ही धास्ती कमी होते व त्या बचतीचा एक हिस्सा जादा व्याजाच्या रूपाने खातेदाराकडे येतो. ब्रिटनमध्ये ३०, ६० किंवा ९० दिवसांच्या सूचनेची खाती सर्रास मिळतात. जर्मनीतील पारंपरिक बचत पासबुकाची सूचनेची मुदत किमान तीन महिन्यांची असते. तेथे सूचनेविना कॅलेंडर महिन्यात २,००० युरोपर्यंत रक्कम काढण्याची मुभा बँक देऊ शकते, आणि त्याहून अधिक हवी असल्यास सूचना द्यावी लागते किंवा व्याजाच्या कपातीला तयार राहावे लागते.

याहून वेगळा, आणि माझ्या मते अधिक फसवा प्रकार म्हणजे ‘बोनस व्याजा’ची खाती. ऑस्ट्रेलियात ती विशेष प्रचलित आहेत. मूळ दर नाममात्र ठेवायचा आणि महिन्यात ठरावीक रक्कम भरली किंवा एकदाही पैसे काढले नाहीत, तरच मोठा बोनस दर द्यायचा, अशी त्यांची रचना असते. येथे पैसे काढण्यावर बंदी नसते, शुल्कही नसते. पण एका लहानशा रकमेसाठी संपूर्ण शिलकेवरील महिन्याचे बोनस व्याज जाते. ५० काढण्यासाठी ३०० गमवावे लागले, तर त्या मोकळीकीला काय अर्थ राहिला? असे खाते घेतलेच, तर ते किरकोळ खर्चापासून पूर्णपणे दूर ठेवावे, आणि पैसे काढावेच लागले, तर पुढच्या काळात लागणारी रक्कमही त्याच महिन्यात काढून घ्यावी, म्हणजे एकाच महिन्याच्या बोनसावर पाणी सोडावे लागेल.

प्रश्न : एटीएमची दैनंदिन मर्यादा आणि खात्याची मर्यादा एकच आहे काय?

उत्तर : नाही. एटीएमची मर्यादा कार्डाच्या सुरक्षिततेसाठी असते. कार्ड चोरीला गेले तर एका दिवसात सगळे खाते रिकामे होऊ नये, हा तिचा हेतू. शाखेतून किंवा बँकेतून बँकेत पैसे पाठवताना ती आड येत नाही. तिसरा प्रकार मोफत व्यवहारांच्या संख्येचा आहे. भारतातील मूलभूत बचत खात्यात महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते, आणि एटीएममधून काढलेले पैसेही त्या चारांत धरता येतात.

प्रश्न : १,००,००० पर्यंत ३ टक्के आणि त्यावर ५ टक्के, असे टप्प्यांचे दर असलेल्या खात्यात १,५०,००० ठेवल्यास नेमके किती व्याज मिळेल?

उत्तर : दोन उत्तरे संभवतात. प्रत्येक टप्प्याचा दर केवळ त्या टप्प्यातील रकमेवर लावला, तर ३,००० आणि २,५०० मिळून ५,५००. टप्पा ओलांडताच संपूर्ण रकमेवर वरचा दर लावला, तर ७,५००. दोन्ही पद्धती जगात चालतात. दुसरी पद्धत उदार दिसते. पण तिच्यात शिल्लक ९९,९९९ वर घसरताच सगळ्या रकमेचा दर खाली येतो. रोजच्या शिलकेच्या हिशेबात हे नुकसान तेवढ्या दिवसांपुरते राहते, किमान शिलकेच्या हिशेबात महिनाभराचे होते.

प्रश्न : मर्यादा नसलेल्या खात्यावर बँक किंवा सरकार अचानक मर्यादा घालू शकते काय?

उत्तर : घालू शकते, आणि घातलेल्या आहेत. सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका पुन्हा उघडल्या, तेव्हा दिवसाला ३०० युरोंची मर्यादा होती. ग्रीसमध्ये २०१५ च्या जूनअखेरीस बँका बंद ठेवण्यात आल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरो एवढेच मिळू लागले. भारतात नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून काढल्यावर बचत खात्यातून आठवड्याला २४,००० रुपयांची मर्यादा आली. ती २० फेब्रुवारी २०१७ पासून ५०,००० झाली आणि १३ मार्च २०१७ रोजी उठली.

या तिन्ही ठिकाणी मर्यादा मुख्यतः रोख रकमेवर होती. भारतात आणि ग्रीसमध्ये देशांतर्गत कार्डाने किंवा ऑनलाइन पैसे देणे त्या काळातही चालू होते. खात्यावर जमा होणारे व्याजही अशा मर्यादेने थांबत नाही. एकच बँक अडचणीत आल्यामुळे तिच्यावर निर्बंध येतात, तेव्हा मात्र स्थिती निराळी असते, आणि तेथे ठेव विम्याचा प्रश्न येतो. भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. दरमहा जमा झालेले व्याजही या ५ लाखांत मोजले जाते, म्हणून शिल्लक या मर्यादेच्या अगदी टोकाला नेऊन ठेवू नये.

प्रश्न : अधिक दराच्या बँकेत जाण्यासाठी जुने खाते महिन्याच्या मध्यात बंद केले, तर त्या महिन्याचे व्याज मिळते काय?

उत्तर : बहुतेक बँका बंद करण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज देतात, परंतु सर्व नाही. व्याज जमा होण्याच्या तारखेपूर्वी खाते बंद केल्यास साठलेले व्याज मिळणार नसेल, तर तसे खातेदाराला आधी सांगितले पाहिजे, असा अमेरिकेत नियम आहे. म्हणजेच तशी अट घालणे तेथे वैध आहे. मासिक व्याजाच्या खात्यात अशा अटीने फार तर महिन्याचे व्याज जाईल. तिमाही किंवा वार्षिक व्याजाच्या खात्यात नुकसान त्या मानाने मोठे असेल. करारात ही अट आढळली, तर खात्यात बँकेने सांगितलेली किमान शिल्लक ठेवून बाकी रक्कम नव्या खात्यात पाठवावी, व्याजाची नोंद पासबुकात दिसू द्यावी आणि त्यानंतरच खाते बंद करण्याचा अर्ज द्यावा.